भर उन्हातला बडा दिन

मिरजेला आमच्या मोहल्ल्यात नाताळला 'बडा दिन' म्हणत. प्रत्यक्षात डिसेंबरातला तो दिवस वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांपैकी एक. सहा वाजून गेले की अंधार, आणि मिशन हॉस्पिटलच्या बाजूला ख्रिस्ती घरांवर टांगलेल्या कागदी चांदण्यांत दिवे लागलेले. डॉक्टर वानलेस यांच्या हॉस्पिटलमुळे मिरजेत ख्रिस्ती वस्ती जुनी. त्यांच्याकडून आमच्याकडे करंज्या आणि केक यायचा, ईदला आमच्याकडून शीरखुर्मा जायचा. स्वेटर घालून, नाक लाल करून आम्ही त्या चांदण्या बघत फिरायचो. नाताळ म्हणजे थंडी, हे गणित मनात तेव्हाच पक्कं बसलं.

२००० साली नोकरीनिमित्त आम्ही दोघं मेलबर्नला आलो आणि ते गणित पार उलटलं. डिसेंबर म्हणजे तिथला आपला मे महिना. शाळांना लांब सुट्टी, उत्तरेकडून वाळवंटावरून येणारा भट्टीसारखा वारा, तोंडावर बसणाऱ्या माशा. सूर्य मावळायचा रात्री पावणेनऊच्या सुमाराला. 'बडा दिन' हे नाव तिथं शब्दशः खरं होतं. आणि सर्वांत मोठं नवल म्हणजे बाजारात आंबे! क्वीन्सलँडकडून येणारा आंबा नाताळातच भरात असतो. लोक चेरी, कोळंबी आणि आंब्याचे खोके घेऊन घरी निघालेले. त्या आंब्याला हापूसची सर नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. पण घमघमाट आंब्याचाच होता.

आणि त्याच बाजारात दुकानांच्या काचांवर पांढरा फवारा मारून बर्फ केलेला. लोकरीच्या डगल्यातला सांता घामानं निथळतोय. बर्क स्ट्रीटवरच्या मायर या दुकानाच्या खिडक्यांत १९५६ पासून दर नाताळला देखावे मांडतात, ते बघायला चड्डी-चपलांत पोरांची रांग. १९३८ साली नॉर्मन बँक्स या रेडिओ निवेदकानं मेणबत्त्या लावून नाताळची गाणी गाण्याचा कार्यक्रम या शहरात सुरू केला. तो आजही २४ डिसेंबरच्या संध्याकाळी होतो, पण मेणबत्त्यांचा उजेड दिसायला रात्रीची वाट बघावी लागते. पहिल्यांदा आम्हाला याचं हसू आलं. नंतर तितकंसं येईना. विलायतेहून आलेल्या माणसांनी पंचांग बरोबर आणलं, हवा मात्र आणता आली नाही.

त्या वर्षी रमजानही डिसेंबरातच होता. पहाटे चारच्या आसपास सहर संपायची, रोजा सुटायचा रात्री पावणेनऊला. अब्बा फोनवर सांगायचे, मिरजेत सहा वाजता इफ्तार होतो. आम्ही घड्याळाकडे बघत बसायचो.

शेजारी एक इंग्रज बाई एकट्या राहत. १९५० नंतरच्या दशकात त्या नवऱ्याबरोबर बोटीनं आलेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाला माणसं हवी होती, म्हणून ब्रिटनमधल्या लोकांना फक्त दहा पौंडांत तिकडे नेण्याची सरकारी योजना होती. त्यातल्या त्या एक. नवरा गेलेला, मुलगा दूर पर्थला. आम्ही आपसांत त्यांना 'बडी अम्मा' म्हणायला लागलो होतो. नाताळच्या दुपारी एक वाजता जेवायला या, असं त्यांनी कुंपणावरून सांगितलं. आमचे रोजे आहेत, असं आम्ही म्हटल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कुंपणाशी आल्या. हातात वर्तमानपत्र. त्यात सूर्यास्ताची वेळ बघून ठेवलेली. म्हणाल्या, "जेवण तेव्हाच. आणि कोंबडी तुम्ही आणा, तुमच्या खाटकाकडची."

सिडनी रोडवरच्या हलाल दुकानातून कोंबडी आणून दिली. पुडिंगमध्ये एरवी ब्रँडी आणि जनावराची चरबी असते. आमच्यासाठी त्यांनी संत्र्याचा रस आणि लोणी घालून वेगळं केलं होतं. दिवसभर ओव्हन चालू ठेवलेल्या त्या घरात आम्ही तिघं पावणेनऊपर्यंत बसून राहिलो. दुपारी त्यांनी काही खाल्लं होतं की नाही, हे आम्ही विचारलं नाही. मगरिबची वेळ झाली तेव्हा आमच्याबरोबर त्यांनीही खजूर उचलला.

खजुरावरूनच बोलणं निघालं. कुरआनात सूरह मरियममध्ये हजरत ईसांच्या जन्माची हकीकत येते. प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या हजरत मरियम खजुराच्या बुंध्याशी येतात, आणि झाड हलव, ताजा खजूर पडेल, असं त्यांना सांगितलं जातं. तिथं ना तारीख आहे, ना बर्फ. जन्माची तारीख त्यांच्या बायबलमध्येही नाही. खजूर तर कडक उन्हानं पिकतो. हे ऐकून बडी अम्मा काटा खाली ठेवून म्हणाल्या, "म्हणजे ऊन चुकीचं नव्हतं तर!" मग त्यांनी सांगितलं की, इथल्या पहिल्या नाताळला पुडिंग उकळताना त्या रडल्या होत्या. आईच्या स्वयंपाकघरातल्या खिडक्या वाफेनं धुरकट व्हायच्या. इथल्या खिडक्या उघड्या, आणि बाहेर लख्ख ऊन.

आम्ही त्यांना आमच्या चंद्राच्या वर्षाची गोष्ट सांगितली. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. त्या विचारात पडल्या. "तुमचा सण कुठल्याच हवेचा नाही," त्या म्हणाल्या. "मग त्या दिवशी तुम्हाला घर आठवतं ते कशानं?"

याचं उत्तर आम्हाला त्या रात्री देता आलं नाही. दोन-तीन दिवसांनी ईद झाली. नमाजहून परतलो, शेवया केल्या, आणि घर अगदी शांत. तेव्हा कळलं. सहरीला दार वाजवत मोहल्ल्यातून जाणारा माणूस, गळाभेटीला येणारे अत्तराचे कपडे, ईदीसाठी रांग लावणारी पोरं. हवा नव्हे, माणसं. शीरखुर्म्याचा वाडगा घेऊन आम्ही कुंपणापलीकडे गेलो.

मिरजेतल्या एका मामूंनी फोनवर विचारलं, "तिकडे जाऊन ख्रिसमस करायला लागलात काय?" मागून अब्बांचा आवाज आला, "आपण करंज्या खात होतो, तेव्हा कुठे धर्म बदलला?" नाताळच्या शुभेच्छा देऊ नयेत, असं सांगणारे इथंही भेटतात. त्यांच्याशी आम्ही वाद घालत नाही. मुलांचं मुसलमानपण या परमुलखात टिकेल का, ही त्यांची धास्ती खरी आहे, ती आम्हालाही आहे. पण एकट्या म्हातारीनं सूर्यास्तापर्यंत राखून ठेवलेलं ताट नाकारल्यानं ते टिकेल, असं आम्हाला वाटत नाही.

नाताळचं हे रात्रीचं जेवण मग चालूच राहिलं. २०१६ साली रमजान जूनमध्ये आला, मेलबर्नचा ऐन हिवाळा. पाच वाजून गेले की रोजा सुटायचा, आणि मिरजेचे नातेवाईक आमचा हेवा करायचे. तोवर बडी अम्मा राहिल्या नव्हत्या. त्याआधी २०११ च्या नाताळच्या दिवशी शहरावर मोठाल्या गारा कोसळल्या. त्या तेव्हा वृद्धाश्रमात होत्या. "आला एकदाचा तुमचा पांढरा नाताळ," असं आम्ही म्हटलं. "हा काही बर्फ नव्हे," असं त्या ठामपणे म्हणाल्या आणि आंबा कापून मागितला. हिशेबानं २०३३ साली ईद पुन्हा डिसेंबरच्या शेवटी, नाताळच्या एक-दोन दिवस आधी येईल.

आमची मुलगी मेलबर्नलाच जन्मली. बडी अम्मांचं संत्र्याच्या रसाचं पुडिंग तीच करते, वर आमरस ओतून. आता ती नोकरीसाठी लंडनला असते. गेल्या नाताळला तिचा फोन आला. आवाज रडवेला.

"अम्मी, चार वाजताच अंधार पडलाय. आंबे नाहीत, ऊन नाही, नुसती थंडी. हा कसला बडा दिन!"