नक्कल नव्हे, अन्वय

सेवानिवृत्तीनंतर तैलचित्रण शिकावयाचें मनांत आलें, तेव्हां पहिला धडा म्हणून मीं राफाएलचें 'मॅडोना देला सेज्जोला' पुढें ठेविलें. खुर्चींत बसलेली मेरी व तिच्या कुशींतील बाळ येशू यांचें हें वर्तुळाकार चित्र सुमारें १५१४ सालचें असून तें फ्लॉरेन्सच्या पित्ती राजवाड्यांत आहे. माझ्यापाशीं अर्थातच त्याचें छापील चित्र. नातवानें विचारलें, "आजोबा, जन्मभर मुलांना 'नक्कल करूं नका' म्हणून सांगितलेंत, आणि आतां स्वतःच?" प्रश्न मार्मिक होता, त्याचें उत्तर कुंचल्यानेंच दिलें.

तैलरंग जलरंगांप्रमाणें झटपट वाळत नाहींत. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून हळूहळू घट्ट होतें. म्हणून प्रथम एकाच उदी रंगांत छायाप्रकाश मांडावा, तो सुकूं द्यावा, आणि मग त्यावर रंगांचे थर चढवावे. खालच्या थरांत तेल कमी, वरच्यांत अधिक, नाहीं तर भेगा पडतात. या सक्तीच्या प्रतीक्षेंत डोळ्यांस पाहावयास अवकाश मिळतो. मातेची कललेली मान, तिचा खांदा, बाळाचे गुडघे, साऱ्या रेषा वाटोळ्या. त्यांत खुर्चीच्या पाठीचा कोरीव दांडा तेवढा सरळ उभा. तो नसता तर सारें वर्तुळ घरंगळल्यासारखें वाटलें असतें. हें मला नुसतें पाहून नव्हे, रेखाटतांना उमगलें.

श्लोक शंभर वेळां कानांवरून जातो. पण अन्वय लावावयास बसलें म्हणजे कोणतें पद कशासाठीं आलें तें कळतें. चित्राची प्रत करणें हा हातानें लाविलेला अन्वयच होय. परीक्षेंत नक्कल करणारा उत्तर उचलतो व प्रश्न टाळतो. येथें प्रत्येक फटकाऱ्यागणिक 'हा येथेंच कां?' हा प्रश्न पुढें उभा राहतो.

आणि यांत वयाचा संकोच कसला? रूबेन्स १६२८-२९ मध्यें माद्रिदला होता; पन्नाशी उलटलेली, कीर्ति युरोपभर. तरीही टिशियनच्या 'अ‍ॅडम आणि ईव्ह' या चित्राची त्यानें प्रत केली. आज दोन्ही चित्रें माद्रिदच्या प्रादो संग्रहालयांत आहेत. रूबेन्सच्या चित्रांत एक पोपट आहे, तो टिशियनच्या चित्रांत नाहीं. घोकंपट्टीला आपण पोपटपंची म्हणतों; येथें मात्र पोपट तेवढाच स्वतंत्र!

आधीं गुरूचें म्हणणें पुरतें ऐकावें, मग आपलें बोलावें, हाच क्रम. मला मातेच्या गालावरील छाया अजून साधलेली नाहीं. पोपट काढण्याइतकें आयुष्य उरलें आहे कीं नाहीं तें ईश्वर जाणे. ऐकण्यापुरतें मात्र खचित आहे.