कॅसेट चालली पाहिजे

कनेरगाव नाका, जि. हिंगोली

चि. सोन्या,


तू पुण्यात जुने व्हिडिओ गेम जमवायला लागलास, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. सीलबंद डबा घेऊ का, असं विचारतोयस म्हणे. माझं ऐकशील तर घेऊ नकोस. २०२१ च्या जुलैमध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ची न फोडलेली एक प्रत लिलावात १५ लाख डॉलरहून जास्त भावाने गेली. पण फोडली की किंमत गेली, म्हणजे घेणाऱ्याने ती कधी खेळायचीच नाही. गेम खेळण्यासाठी बनवलेला असतो रे.

माझ्याकडे चालत नाही ती कॅसेट कपाटात जात नाही. भंगारातून येवो की दिवाळीच्या साफसफाईत कुणाच्या माळ्यावरून, आधी तिचं तोंड बघायचं. आपल्याकडच्या कॅसेटला दोन्ही बाजूंनी तीस-तीस पट्ट्या असतात. मोबाइल रिपेअरिंगवाल्याकडे आयपीए नावाचं अल्कोहोल मिळतं, त्यात कापसाची काडी भिजवून त्या पुसायच्या. पहिली काडी काळीकुट्ट निघते. स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावायची नाही. फुंकर मात्र मारू नकोस, तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या खराब होतात.

नकली म्हणून कुठलीही कॅसेट टाकू नकोस, हे तर मनापासून सांगतो. निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा गेम-कन्सोल १९८३ साली जपानात आला. आपल्या घराघरांत पोचल्या त्या त्याच्या नकला, आणि त्यांच्यासोबत ‘९९९९९९९ इन १’ असं छातीठोकपणे लिहिलेल्या कॅसेटी. आत मोजके गेम, तेच वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा. परदेशातले संग्राहक अस्सल डबा, अस्सल पुस्तिका मागतात. तो त्यांचा हिशोब. आपल्या भागातली पोरं ज्यावर ‘काँट्रा’ शिकली, ती हीच कॅसेट, म्हणून आपल्यासाठी अस्सल हीच. तिचं खोटं लेबल खरवडू नकोस. वहीत लिही : लेबलावर काय, आत काय, कुठून मिळाली, कोण खेळायचं. मी नुसता गेम घेत नाही, देणाऱ्याकडून एवढी माहितीही घेतो.

पिक्चर ट्यूबचा टीव्ही ठेवला म्हणून तुझी मामी कुरकुरते, पण तो हलणार नाही. ‘डक हंट’ या गेमची बंदूक नव्या एलईडीवर चालतच नाही. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदूक तो उजेड टिपते. नव्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा येतं, तेवढ्यात वेळ निघून जाते. टीव्ही गेला तर बंदूकही मेली.

आजच्या गेमची तर वेगळीच चिंता. ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. म्हणून नवं काही घेताना एवढंच विचार : इंटरनेट तोडलं तर हे चालेल का? तुझ्या पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या कंपनीने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम काढला, तो तुझ्या वहीत हवाच.

दिवाळीला येताना नऊ व्होल्टचा चांगला अडॅप्टर आण, इथला तापतो. आणि वही विसरू नकोस, तुझी पानं मला वाचायची आहेत.

तुझा,
मामा