डॅशबोर्डवरचे पार्श्वनाथ



दोन महिने इथे काही लिहिलं नाही. काहींनी फोन करून विचारलं, त्यांना मी "तब्येत जरा बरी नव्हती" एवढंच सांगितलं. आता सगळं सांगते, कारण मला जे उशिरा कळलं ते तुम्हाला आधी कळावं असं वाटतं.

डिसेंबरात आम्ही कारंजा लाडला दर्शनाला गेलो होतो. गाडीत हे, मी, सासूबाई आणि नववीतली आमची मुलगी. निघायला उशीर झाला. आईंचा रात्रीभोजनाचा त्याग आहे आणि डिसेंबरात साडेपाच-पावणेसहालाच सूर्य बुडतो. सूर्यास्ताच्या आत यवतमाळला पोहोचून आईंचं जेवण व्हावं म्हणून हे जरा जोरातच चालवत होते. मीही "बघा हो, ऊन उतरलं" म्हणून घाई लावत होते. हे माझ्या नावावर लिहून ठेवते.

दारव्हा सोडल्यावर तुरीच्या शेतातून एक रोही आडवा आला. ह्यांनी करकचून ब्रेक दाबून स्टिअरिंग वळवलं. रोही निघून गेला आणि गाडी रस्त्याकडेच्या बाभळीवर समोरून बसली. (रोही वाचला याचं आईंना अजून समाधान आहे. मलाही आहे, खोटं कशाला बोलू?)

मला आठवतो तो फक्त एक बार. दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज, गाडीभर पांढरी धूळ आणि फटाक्याचा वास. मला वाटलं गाडीनं पेट घेतला. दार उघडून बाहेर आले तर हनुवटीतून रक्त वाहत होतं. ह्यांच्या छातीवर पट्ट्याचा लालभडक वळ होता, बाकी काही नाही. मुलीच्या खांद्यावरही तसाच वळ. आई मात्र उठेचनात. त्या ह्यांच्या मागे बसल्या होत्या आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता. उडून पुढच्या सीटच्या पाठीवर आदळल्या, गळ्याजवळचं हाड मोडलं आणि दोन बरगड्यांना तडे गेले. त्यांच्याच सीटवर, हातभर अंतरावर बसलेली नात धडधाकट होती.

पट्ट्यावरून आमच्याकडे वाद नेहमीचाच. "मले नाही लागत तो पट्टा, माह्या पोटाले आवळते," हे ठरलेलं उत्तर. पुढे बसल्या तर पट्टा ढिला राहावा म्हणून त्याला कपड्यांचा चिमटा लावायच्या. आणि मागे बसल्यावर तर पट्ट्याची गरजच नसते, अशी त्यांची काय, आपली सगळ्यांचीच समजूत. लग्नाला निघालेल्या गाड्या आठवा. मागे चारजणी, मांडीवर लेकरू, डबे, पिशव्या. पट्टा? तो तर सीटच्या खाली गडप झालेला असतो.

यवतमाळच्या गॅरेजमध्ये गाडी उघडली तेव्हा मी मुद्दाम गेले. तिथल्या मेकॅनिक भाऊंनी अर्धा तास काढून सगळं दाखवलं, आणि पुसदला इंजिनिअरिंगला असलेल्या आमच्या मुलानं उरलेलं समजावलं.

गिअरच्या दांड्याजवळ खाली तळहाताएवढी एक डबी असते. गाडीचा वेग किती झपाट्यानं कमी होतोय हे ती सतत मोजत असते. आपण ब्रेक दाबतो तेव्हा वेग कमी होतो, पण धडकेत तो एका क्षणात संपतो, आणि हा फरक त्या डबीला कळतो. एका सेकंदाचे हजार भाग करा. धडक बसल्यापासून पंधरा-वीस भागांच्या आत डबी ठरवते की हा खड्डा नव्हे, अपघात आहे. पापणी लवायलाच शंभराहून जास्त भाग लागतात. म्हणजे आपल्याला "अगं बाई" म्हणायचं सुचण्याआधी सगळं उरकलेलं असतं.

डबीचा निरोप आधी पट्ट्याला जातो. हे मला अजिबात माहीत नव्हतं. पुढच्या सीटच्या पट्ट्याची गुंडाळी खांबाच्या आत असते. तिच्याजवळ बोटाएवढ्या नळीत थोडी दारू भरलेली असते, त्याला प्रीटेन्शनर म्हणतात. ती दारू पेटते, गॅसच्या जोरानं गुंडाळी उलटी फिरते आणि पट्टा हातभर नाही, पण चार बोटं तरी मागे खेचला जातो. का, तर आपण पट्टा लावतो तो साडी, स्वेटर, शाल यांच्यावरून. अंग आणि पट्टा यांच्यात ढिलाई राहते. ती ढिलाई राहिली तर अंग तेवढं पुढे जाऊन मग पट्ट्यावर आपटतं. कुणी मागून पदर ओढावा तसा हा पट्टा आपल्याला सीटला घट्ट धरतो. मग लगेच, छातीची हाडं मोडू नयेत म्हणून, गुंडाळीतली एक सळई पिळली जाते आणि पट्टा थोडासा सैल सोडते. आधी घट्ट धरायचं, मग बेतानं सोडायचं. लेकराला चालायला शिकवणारी आई याहून वेगळं काय करते!

आईंचा तो कपड्यांचा चिमटा म्हणजे या सगळ्या कामावर पाणी.

त्यानंतर पिशवी. स्टिअरिंगमध्ये आणि समोरच्या डॅशबोर्डमध्ये नायलॉनची पिशवी घडी घालून ठेवलेली असते. तिच्यामागे रसायनाच्या गोळ्या असतात, त्या पेटल्या की ढीगभर गॅस, मुख्यतः नायट्रोजन, तयार होतो आणि तीस-चाळीस भागांत पिशवी फुगते. गरम तेलात टाकलेली पुरीसुद्धा हिच्यापुढे आळशी म्हणायची. पिशवी ताशी तीनशे किलोमीटरपर्यंतच्या वेगानं बाहेर येते. हा आकडा ऐकून माझ्या पोटात गोळा आला. पिशवीला मागे भोकं असतात, आपलं डोकं टेकतं तेव्हा त्यातून हवा निघत असते, म्हणून ती उशीसारखी लागते. पांढरी धूळ होती ती पिशवी चिकटू नये म्हणून लावलेली पूड.

पण उशीसारखी ती कधी लागते? पिशवी पूर्ण फुगल्यावर आपण तिच्यावर टेकलो तर. पट्टा नसेल तर ब्रेक लागतानाच माणूस पुढे घसरतो आणि पिशवी उघडत असतानाच तिच्या तोंडाशी जातो. मग ती उशी नसते, थप्पड असते. म्हणून स्टिअरिंगपासून छाती वीतभरापेक्षा थोडी जास्तच लांब ठेवायची. मांडीवर लेकरू घेऊन पुढे बसायचं नाही. लेकराची मागे तोंड करून बसायची खुर्ची पुढे कधीच लावायची नाही. गाडीत त्या झाकणावर एसआरएस अशी अक्षरं कोरलेली असतात, त्याचा अर्थच मुळी पट्ट्याला जोड देणारी व्यवस्था असा आहे. मुख्य पट्टा, पिशवी मदतनीस. आपण मात्र गाडी घेताना "एअरबॅग किती?" एवढंच विचारतो.

आमच्याकडे फटाके वाजवत नाहीत. जीव मरतात म्हणून मुलांना लहानपणापासून सांगितलं. आणि गाडीत मात्र चार बार भरलेले होते, दोन पिशव्यांचे, दोन पट्ट्यांचे! ऐकून आईसुद्धा दुखत्या बरगडीनिशी हसल्या.

आता माझ्या हनुवटीबद्दल. पाच टाके पडले. सगळ्यांना वाटलं काच लागली. काच नव्हती.

आई सम्मेदशिखरजीहून पार्श्वनाथ भगवंतांची चार बोटांची पितळी मूर्ती घेऊन आल्या होत्या, फण्यांसकट. नवी गाडी आली त्या दिवशी मी स्वतः ती दोन बाजूंच्या चिकटपट्टीनं डॅशबोर्डवर बसवली. दिसायला छान दिसेल अशी, माझ्या सीटच्या बरोबर समोर. म्हणजे नेमकी पिशवीच्या झाकणावर. झाकण उघडलं तेव्हा मूर्ती उडाली आणि फण्याचं टोक हनुवटीत बसलं. दोन इंच वर, तर डोळा. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत या झाकणावर काहीही ठेवू नका, चिकटवू नका असं लिहिलेलं आहे. ती पुस्तिका मी अपघातानंतर पहिल्यांदा प्लॅस्टिकमधून काढली.

हे आईंना सांगू कसं? त्या दवाखान्यात प्रत्येक भेटायला येणाऱ्याला सांगत होत्या, "भगवंत पुढे बसले होते म्हणून पोरं वाचली." मी मान खाली घालून चहा द्यायचे.

त्या दिवसांत मुलानं मला १९५२ सालची एक गोष्ट सांगितली. अमेरिकेतले जॉन हेट्रिक बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन गाडीतून जात होते. अचानक गाडी चारीत गेली, तेव्हा त्या दोघांनी मुलीपुढे आपोआप हात आडवे धरले. घरी येऊन हेट्रिकनी हातांचं हे काम करेल अशा पिशवीचं चित्र काढलं आणि पुढच्या वर्षी पेटंट मिळवलं. आपण नाही का ब्रेक लागला की लेकरापुढे हात धरत! पण दहा किलोचं लेकरू पन्नासच्या वेगातल्या धडकेत तीनशे किलोंसारखं पुढे ओढलं जातं. कोणत्या आईचा हात तेवढं धरेल?

मला सारखे आठवतात ते सायरस मिस्त्री. ४ सप्टेंबर २०२२, रविवार. उदवाडा या पारशी समाजाच्या तीर्थक्षेत्राहून चौघे मुंबईला परतत होते. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी कठड्याला धडकली. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले, मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल गेले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात आलं. गाडी महागडी, एअरबॅगा भरपूर. मागच्या सीटलाही पट्टा सक्तीचा आहे आणि न लावल्यास हजार रुपये दंड आहे, हे आपल्यापैकी पुष्कळ जणींना त्या बातमीनंतर कळलं. कळून काय झालं, मी आईंना कारंज्याला तशीच घेऊन गेले.

संक्रांतीनंतर गाडी दुरुस्त होऊन आली. एकदा फुटलेली पिशवी आणि एकदा ओढला गेलेला पट्टा परत वापरता येत नाही, दोन्ही नवे घालावे लागतात. खर्च ऐकून हे दोन दिवस बोलले नाहीत. जुनी गाडी घेणाऱ्या मैत्रिणींनी एक बघा. चावी फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही किंवा विझलाच नाही, तर आधी तपासून घ्या.

आईंनी गाडीत डोकावून पाहिलं. "भगवंत कुठी आहेत वं?"

मग मी सगळं सांगितलं. झाकण, चिकटपट्टी, फणा, टाके. रडू आलं ते वेगळंच. आई बराच वेळ माझ्या हनुवटीकडे बघत राहिल्या.

"भगवंताले चिकटपट्टीनं चिकटवलं व्हतं आपण," त्या म्हणाल्या. "तोच अविनय झाला. अन् पाय पुसायच्या जागेसमोर बसवलं. आण ती मूर्ती इकडं."

मूर्तीचा एक फणा वाकलाय. ती आता आईंच्या स्वाध्यायाच्या कपाटात आहे.

पट्ट्याचा प्रश्न मात्र वेगळ्याच कारणानं सुटला. त्यांच्या पोटाला तो आवळायचा कारण त्या सीटवर पुढे सरकून, रेलून बसायच्या आणि खालचा पट्टा पोटावर यायचा. तो कमरेच्या हाडावरून जायला हवा, पोटावरून नव्हे. गरोदर मुलींनी तर पोटाच्या खालूनच घ्यायचा. वरचा पट्टा खांद्याच्या मधून, काखेखालून नाही. पाठ टेकून बसलं की नीट बसतो. शाल पट्ट्यावरून पांघरायची, आतून नाही. पदराची पिन पट्ट्याखाली येऊ द्यायची नाही.

मागच्या रविवारी पहिल्यांदाच सगळे पुन्हा बाहेर पडलो, दारव्ह्यापर्यंतच. गाडी निघताना णमोकार आई सुरू करतात, ही आमच्याकडची पद्धत. ह्यांनी गाडी सुरू केली तरी मागून आवाज येईना. वळून पाहिलं तर आई नातीला विचारत होत्या, "कुठी घालायचं हे टोक? दिसून नाही राह्यलं." खट् असा आवाज आला. मग णमोकार.