अठरा नखं

शनिवार सकाळ. आठवडाभर प्रॉडक्शनच्या बग्जशी कुस्ती खेळल्यावर माणसाने काय करावं? मस्त ताणून द्यावी. पण आमच्याकडे बंड्या आहे.

बंड्या म्हणजे आमचा चार वर्षांचा स्पिट्झ. सोसायटीत सगळे त्याला 'पामेरियन' म्हणतात, आम्ही सुधारणं कधीच सोडलं. पांढराशुभ्र (आंघोळीनंतर पहिला अर्धा तास), वरून केसांचा डोंगर, आणि आत जेमतेम सात किलोचा कुत्रा. पोट खाजवलेलं चालतं, पण हातात ब्रश किंवा नेलकटर दिसला की साहेब सोफ्याखाली!

गेल्या दिवाळीची गोष्ट. फरशीवर त्याच्या नखांचा टकटक आवाज यायला लागला होता. आईने चारदा सांगून झालं. शेवटी म्हटलं, दहा मिनिटांचं तर काम. मित्राला बोलावलं, बंड्याला टॉवेलमध्ये गुंडाळलं, त्याने धरलं आणि मी सुरू झालो. बंड्याची नखं काळी, त्यामुळे आतली जिवंत नस बाहेरून दिसत नाही. तिसऱ्याच नखाला कच्चकन नस कापली गेली. तो जो काही केकाटला... आईने पळत जाऊन कॉर्नफ्लॉवर आणलं, ते दाबून धरल्यावर रक्त थांबलं.

नख भरलं. पण पुढच्या आठवड्यात ऑफिसातून आलो, बेल वाजवली, तर रोज दारात गोल गोल फिरणारा बंड्या मला बघून आईच्या पलंगाखाली जाऊन बसला.

"तो घाबरतो रे तुला," आई हळूच म्हणाली.

खरं सांगतो, इतकं वाईट मला अप्रेझलच्या वेळीही वाटलं नव्हतं.

डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं, गुंगीचं औषध देतील. त्यांनी माझीच शिकवणी घेतली. म्हणाले, तो हट्टी नाही, घाबरलाय, आणि ते तो केव्हापासून सांगतोय. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई देणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, एकदम ताठ होणं, या सगळ्या नोटिसाच. गुरगुरणं ही जवळजवळ शेवटची. त्यावर ओरडलात तर भीती जात नाही, तो फक्त नोटीस द्यायचं थांबवतो आणि थेट चावतो. म्हणजे अलार्म म्यूट करायचा आणि सर्व्हर नीट झाला असं समजायचं! हे आम्हाला कळायला हवं होतं.

दुसरी चूक क्रमाची. मी आधी बिस्कीट दाखवायचो, मग नेलकटर काढायचो. परिणाम: बिस्कीटच संशयास्पद. पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना आधी सूचना मिळायची, खाणं नंतर. म्हणून आता आधी हात, मग चिकन.

पहिला आठवडा नेलकटर नुसता जमिनीवर पडून. त्याने वास घेतला की उकडलेल्या चिकनचा तुकडा. मग खांद्याला हात, तुकडा. हळूहळू पायापर्यंत. पंजा एक सेकंद, तुकडा. मग त्याच्यासमोर कच्चा पास्ता नेलकटरने कापायचा, त्या 'कट्' आवाजाची सवय व्हावी म्हणून. (आईचा प्रश्न: "तुला नक्की किती पगार देतात रे?") नियम एकच, त्याने पाय ओढला की सोडून द्यायचा. हेच सगळ्यात अवघड. पण सोडायला लागलो, तसा तो ओढायचा कमी झाला. प्राणिसंग्रहालयांत मोठमोठ्या जनावरांना याच पद्धतीने रक्त काढू द्यायला शिकवतात म्हणे. त्यांना टॉवेलमध्ये कोण गुंडाळणार?

बंड्याला पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार, अशी अठरा नखं आहेत. दिवसाला एकच नख, तेही फक्त टोक. कापलेल्या भागात मधोमध काळसर ठिपका दिसला की थांबायचं, पुढे नस आहे. ब्रशचंही तसंच. कानामागच्या गाठी आंघोळीच्या आधी सोडवायच्या, भिजल्या की त्या आणखी घट्ट होतात. शेजारचे काका म्हणतात, उन्हाळ्यात टक्कलच करा. नाही करायचं! या जातीच्या दुहेरी केसांमुळे उन्हापासूनही बचाव होतो.

चार महिने झाले. प्रोजेक्ट प्लॅनमध्ये मी एक शनिवार धरला होता.

आज सकाळी नेलकटर घेऊन जमिनीवर बसलो. हाक मारली नाही. बंड्या आला, थोडा वेळ बघत राहिला, मग उजवा पंजा माझ्या गुडघ्यावर ठेवला. एक नख कापलं, चिकन दिलं. डावा पंजा मात्र त्याने पोटाखाली दुमडून घेतला होता. दिवाळीतलं नख त्याच पायाचं. मी मागितला नाही. त्या पायासाठी एका फळीवर सँडपेपर चिकटवलाय, तो खरवडायला शिकतोय. स्वतःची स्वतः घासेल.

असो. आई पोह्यांसाठी तिसऱ्यांदा हाक मारतेय. बंड्या केव्हाच पोचलाय.