घड्याळी राग

माझा राग शीघ्र असला तरी सकारण आहे, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती. शाळेतून घरी यावे, छत्री खुंटीला अडकवावी, आणि नेमका चहा निवलेला असावा किंवा चिरंजिवांचे दप्तर वाटेत पडलेले असावे! मग माझे तोंड सुटायचे. दोन-चार मिनिटांत सारे शांत.

ही समजूत एका ताऱ्याने मोडली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला भाषेचा मास्तर; आकाशाशी माझा संबंध कादंबरीतल्या चांदण्यापुरता. पण वर्गातल्या एका मुलाच्या प्रश्नापायी पुस्तके उघडावी लागली, आणि धनू राशीच्या दिशेचा जीएस १८२६-२४ भेटला. हा न्यूट्रॉन तारा आकाराने एखाद्या शहराएवढा, पण वस्तुमानाने सूर्याहून भारी. शेजारच्या ताऱ्याचा हायड्रोजन आणि हेलियम त्याच्यावर सारखा पडत असतो. थर साचतो, दाबाने तापतो आणि एकदम पेटतो. काही सेकंदांत क्ष-किरणांचा लोट उठतो, काही मिनिटांत ओसरतो. पुन्हा साचणे सुरू.

१९९७-९८ साली हे स्फोट पावणेसहा तासांच्या अंतराने इतके नेमाने होत, की त्याला घड्याळाचीच उपमा मिळाली. २००० साली ते अंतर चार तासांच्या थोडे वर आले. तारा काही अधिक तापट झाला नव्हता. वरून पडणारा वायू वाढला होता.

म्हणजे दोष निवलेल्या चहाचा नव्हता. दिवसभर माझ्यावर काय काय पडत होते! मुख्याध्यापकांचा एखादा शब्द, प्रकाशकाचे न आलेले पत्र.

एकदा शाळा लवकर सुटली. घरी आलो तो चिरंजीव ओटीवर अभ्यास करीत बसले होते. मला पाहताच पोराने दचकून घड्याळाकडे पाहिले, पुस्तके गोळा केली आणि मुकाट्याने मागच्या पडवीत गेला. माझा स्फोट केव्हा होतो, हे त्याला पाठ होते.

त्या दिवसापासून मी नदीकाठच्या लांबच्या वाटेने घरी येतो. घाटावर घटकाभर बसतो. तारा बिचारा कुठे जाणार?

पण २०१४ साली त्याचेही घड्याळ बिघडले. स्फोट थांबले नाहीत. मात्र ते लहान झाले, वेळी-अवेळी होऊ लागले. माझेही सध्या तसेच चालले आहे. पत्नी म्हणते, सुधारणा आहे.

पोरगा मात्र छत्री खुंटीला लागली, की अजून घड्याळाकडे पाहतो.