साठची परीक्षा

माळ्यावरची पेटी उघडली आणि कार्बन पेपरचा वास आला. त्याच आठवड्यात ऑफिसात एका प्रशिक्षकानं आम्हाला दिवसभर बसवून ‘स्वतःला ओळखा, आतली प्रेरणा शोधा’ असं ऐकवलं होतं. कोट मात्र झकास होता त्याचा.

माझी प्रेरणा म्हणजे वेल्ह्याची शेवटची एसटी. भोरला टायपिंगची बॅच सुटली की कापूरहोळ, मग चेलाडी फाटा. गाडी हुकली तर फाट्यावरच रात्र. म्हणून बोटं भराभर चालायची. सर मशीनवर पुठ्ठा धरत, अक्षरं दिसू नयेत म्हणून. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा, वर सोनेरी गणपती. “खाली बघू नको. बोटांना कळतंय.” ए-एस-डी-एफ, सेमीकोलन-एल-के-जे. लिपिक-टंकलेखकाला मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची अट असे. ती पुरी झाली, चिकटलो. आपल्याला काय जमतं हे मला हातांनी सांगितलं. आत डोकावायला सवड होती कुणाला?

प्रशिक्षक ‘बदल स्वीकारा’ म्हणाला तेव्हा मला उगाच भोर संस्थानचे मूळपुरुष शंकराजी नारायण सचिव आठवले. १७०७ मध्ये शाहूराजे सुटून आले. इकडे ताराबाईंना दिलेली शपथ, तिकडे गादीचा वारस. या कात्रीत शंकराजीपंतांनी आंबवड्याला जीव दिला, असं सांगतात. समाधी तिथंच आहे. जेवणाच्या सुट्टीत प्रशिक्षकाला हे सांगणार होतो, पण तो गुलाबजामात होता.

स्वतःला ओळखून असलेलं माणूस मी एकच पाहिलं. आमच्या बॅचला भाटघरकडची एक मुलगी होती. पुठ्ठा तिला लागलाच नाही. ती खिडकीबाहेर बघत टाइप करायची. आम्ही तिसाला धापा टाकत होतो तेव्हा ती सरांना म्हणाली, “मला साठची द्यायचीय.” चाळीसच्या परीक्षेआधीच तिचं लग्न झालं. सरांनी तिचा फॉर्म बरेच दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला होता.

पुढं २०१७ मध्ये मशीनवरच्या परीक्षाच बंद झाल्या. मध्यंतरी भोरच्या बाजारात ती दिसली, नातवाला कडेवर घेऊन. मीच ओळख दिली. घरचं विचारून झालं, पावसाचं झालं. मग म्हणाली,

“आता संगणकावर असतं ना सगळं? बोटं तीच?”

“तीच.”

“फी किती घेतात रे?”