तीस तासांचं पीक

डिसेंबर उजाडला की आमच्या ऑफिसात एक वेगळीच गडबड सुरू होते. ख्रिसमसची नव्हे, तासांची. "तुझे किती झाले?" "एकोणीस." "माझे अजून अकराच." कॉलेजात सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर चालायची तशीच कुजबुज, फक्त आता सगळ्यांचे केस पिकलेले. मग कुणीतरी एखादा फुकटातला वेबिनार शोधून काढतं. वॉटरप्रूफिंगचा माल विकणारी कंपनी तो भरवते, आपलाच माल कसा उत्तम ते पन्नास मिनिटं सांगते आणि शेवटी ईमेलने प्रमाणपत्र पाठवते. आवाज बंद करून बाजूला ड्रॉइंग तपासत बसलं तरी तास भरतोच.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही (म्हणजे आमचे बहुतेक नातेवाईक) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कॅनडात स्वतःला इंजिनियर म्हणवून घ्यायला आणि ड्रॉइंगवर सही-शिक्का मारायला प्रांताचा परवाना लागतो. ओंटारियोत तो 'प्रोफेशनल इंजिनियर्स ओंटारियो' ही संस्था देते. १ जानेवारी २०२३ पासून तिने परवाना टिकवण्यासाठी दरवर्षी शिकत राहिल्याचा हिशोब देणं सक्तीचं केलं. आधी आपल्या कामाबद्दलची एक प्रश्नावली भरायची. तिच्यावरून तुमच्या वाट्याला किती तास ते ठरतं, जास्तीत जास्त तीस. शिवाय व्यवसायनीतीचा एक छोटा पाठ, आणि वर्षाअखेर तासांची नोंद. नाही केलं तर आधी नोटिसा, मग परवाना निलंबित. या कार्यक्रमाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार होतो 'पीक'. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग विमा उतरवलायस की नाही?" :)

हे सगळं सुरू झालं त्यामागे एक मॉल आहे.

एलियट लेक हे उत्तर ओंटारियोतलं गाव. युरेनियमच्या खाणींवर उभं राहिलं, आणि खाणी बंद पडल्यावर निवृत्त लोकांचं झालं. तिथला अल्गो सेंटर मॉल १९८० साली उघडला. त्याचं छप्पर हेच पार्किंग. इथल्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. गाड्यांच्या चाकांना लागून ते बर्फाबरोबर वर येणार, वितळणार, आणि खारं पाणी सांध्यांतून खाली उतरणार. मॉल सुरुवातीपासूनच गळत होता. खाली बादल्या ठेवलेल्या, छताला ताडपत्र्या बांधलेल्या. गावाचं ग्रंथालयही त्याच मॉलमध्ये होतं! मालक बदलत गेले, इंजिनियर येऊन पाहून गेले, आणि खर्चाचा आकडा बघून खरी दुरुस्ती दर वेळी पुढे ढकलली गेली. असं तीस वर्षांहून जास्त चाललं. २३ जून २०१२ च्या दुपारी एका तुळईला खांबाशी जोडणारं गंजलेलं वेल्डिंग तुटलं आणि छताचा एक भाग खाली आला. दोन स्त्रियांचा जीव गेला.

त्याआधी दहाएक आठवड्यांपूर्वीच एका इंजिनियरने मॉल तपासून तो मजबूत असल्याचं म्हटलं होतं. चौकशीत निघालं ते असं. तपासणी करणाऱ्याकडे त्या वेळी परवानाच नव्हता. अहवालावर सही केली ती त्याच्या सहकाऱ्याने, जो जागेवर गेलाच नव्हता. आणि मालकाच्या सांगण्यावरून अहवालातून चालू गळतीचा उल्लेख काढला गेला, पिवळ्या ताडपत्रीचा एक फोटोही. (तपासणी करणाऱ्यावर पुढे फौजदारी खटला झाला. २०१७ मध्ये तो निर्दोष सुटला, हेही सांगायला हवं.)

न्यायमूर्ती पॉल बेलांजे यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल ऑक्टोबर २०१४ मध्ये आला. त्यात एक शिफारस होती की इंजिनियरांना सतत शिकत राहणं सक्तीचं करा, आणि तेही अठरा महिन्यांच्या आत. आमच्या संस्थेने २०१७ मध्ये ऐच्छिक कार्यक्रम आणला आणि सक्ती केली २०२३ मध्ये. सरकारी कामं फक्त आपल्याकडेच रखडतात असं समजणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आता माझी शंका. मीठ लोखंडाला खातं हे त्या मॉलच्या बाबतीत कुणाला माहीत नव्हतं? बादली ठेवणाऱ्या शिपायालाही माहीत असेल. पार्किंगच्या इमारतींसाठीचं कॅनडाचं खास मानक निघालं १९८७ मध्ये, म्हणजे मॉल बांधताना ते नव्हतं हे खरं. पण २०१२ मध्ये तर ते पंचवीस वर्षं जुनं झालं होतं. तिथे उणीव ज्ञानाची नव्हती. 'नाही' म्हणणाऱ्या माणसाची होती. तीस तासांचे वेबिनार तो माणूस घडवतील का? आणि ज्याच्याकडे परवानाच नाही त्याला परवाना काढून घेण्याची भीती काय घालणार? अमेरिकेत आयोवा राज्याने १९७९ मध्येच अशी सक्ती आणली. कॅलिफोर्नियात इंजिनियरांना ती आजही नाही. म्हणून तिथल्या इमारती जास्त पडतात असं माझ्या तरी ऐकिवात नाही. सक्ती आली तेव्हा आमच्या ऑफिसात जी कुरकुर झाली तिच्यात माझाही आवाज होता.

तरीही मी आता त्या नियमाच्या बाजूने आहे. त्याला कारण एक फोटो.

ऑफिसातल्या चार-पाच जणांनी मिळून ठरवलं होतं की महिन्यातून एका शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत एखाद्या पडलेल्या बांधकामाचा चौकशी अहवाल वाचायचा. पहिलाच घेतला एलियट लेकचा. एका बैठकीत तो काय संपतोय, तीन शुक्रवार लागले. साहेबांना विचारलं तर म्हणाले, तास मिळत असतील तर वाचा. दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. त्याच सुमारास माझ्याकडे एका निवासी इमारतीच्या पार्किंगची तपासणी होती. एका तुळईच्या टोकाशी, जिथे ती आधारावर बसते तिथे, काँक्रीट फुगून सुटलं होतं, आत सळ्या उघड्या. मी अहवालात लिहिलं की खालच्या चार जागा आज रिकाम्या करा, टेकू द्या आणि दुरुस्ती तातडीने करा.

इमारतीच्या व्यवस्थापकाचा फोन आला. माणूस अतिशय सभ्य. म्हणाला, "'तातडीने'च्या जागी 'पुढच्या अंदाजपत्रकात' असं लिहिता येईल का? आणि तो चौदा नंबरचा फोटो रहिवाशांना उगाच घाबरवेल." त्यांच्या आणखी सहा इमारतींचं काम आमच्याकडे यायचं होतं. साहेबांनी मला बोलावून विचारलं, "शब्द जरा मवाळ करता येतात का बघ." असा प्रसंग बाहेरून वाटतो तितका नाट्यमय नसतो. कुणी धमकावत नाही, लाच देऊ करत नाही. फक्त एक शब्द बदला म्हणतात, आणि तेही चहा पिता पिता.

शेजारच्या टेबलावर आमची सगळ्यात तरुण सहकारी बसते. नोकरीला लागून तिला दीडच वर्ष झालं होतं. तिने मान वर न करता म्हटलं, "म्हणजे पिवळी ताडपत्री." खोलीतल्या ज्यांनी शुक्रवारी वाचलं होतं ते सगळे हसले आणि मग एकदम गप्प झाले. साहेबही शुक्रवारी येत होते. ते क्षणभर उभे राहिले, "जसा आहे तसा पाठव," म्हणाले आणि निघून गेले.

अहवाल तसाच गेला. टेकू लागले. बाकीच्या सहा इमारती दुसऱ्या कंपनीकडे गेल्या. त्या वर्षी आमचा बोनस बेताचाच होता. माझ्या नोंदवहीत त्या वाचनाचे तीन तास 'अनौपचारिक शिक्षण' या रकान्यात आहेत. उरलेल्या वेबिनारांतलं मला आज एक वाक्य आठवत नाही. पण नियम नसता तर साहेबांनी शुक्रवारचा तास आम्हाला दिला असता का, आणि स्वतः येऊन बसले असते का? मला नाही वाटत.

भारतात इंजिनियरांसाठी असा कायदाच नाही. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, इंजिनियरांसाठी त्या धर्तीचा काही नाही. महापालिका आपापल्या परवानग्या देतात तेवढंच. डॉक्टरांना मात्र तास आहेत. सांगलीच्या आमच्या वहिनींना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाच वर्षांत तीस क्रेडिट तास दाखवावे लागतात. त्यांच्या व्याख्यानांत जेवण आमच्यापेक्षा फार चांगलं असतं, असं त्यांनीच सांगितलंय. मी हे सगळं फोनवर सांगत होतो तेव्हा वडील बराच वेळ ऐकत राहिले. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मग म्हणाले, "सावित्रीचा पूलसुद्धा कुणीतरी पाहिलाच होता की रे." महाडजवळचा तो ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एसटीच्या दोन बसगाड्यांसह वाहून गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी होऊन धोका नसल्याचा निर्वाळा मिळाला होता. त्या पाहणीच्या कागदावर आधी काय लिहिलं असेल, काही खोडलं असेल का, हे वडिलांना अजून जाणून घ्यायचंय.

असो. यंदाचे माझे नऊ तास अजून बाकी आहेत. त्यातले काही ओंटारियोच्या नव्या बिल्डिंग कोडमध्ये जातील, जो जानेवारी २०२५ पासून लागू झाला. तो नीट वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. शुक्रवारसाठी आम्ही १९०७ चा क्वेबेक पूल घेतलाय. बांधकाम चालू असतानाच तो कोसळला आणि ७५ कामगार गेले. खालच्या तुळया वाकत चालल्याचं जागेवरच्या लोकांनी आधी मोजून ठेवलं होतं, हे वाचून मागच्या वेळी आमची चर्चा तिथेच अडकली. या वेळी जेवण घरूनच आणायचं ठरलंय. वॉटरप्रूफिंगवाले पिझ्झा पाठवतो म्हणत होते, त्यांना नको म्हणून कळवलं.